कोबीचं पान वाचायला शिकू या

आपल्या नाशिक जिल्ह्यात अनेकींच्या शेतात कोबी नाहीतर फ्लॉवर असतो. पान पिवळं दिसलं की आपण दुकानातून फवारणीचं औषध आणतो. पण विषाणूजन्य रोग झालेलं झाड बरं करणारं औषधच नाही. म्हणून गटाच्या कर्जातले पैसे खर्च करण्याआधी पान नीट पाहू या.

विषाणूजन्य रोगात कोवळ्या पानांच्या शिरा आधी फिकट होतात. मग पानावर फिकट आणि गडद हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले दिसतात. पान उन्हाकडे धरलं तर ते स्पष्ट दिसतात. पुढे पान सुरकुततं, झाड खुरटतं, गड्डा लहान राहतो.

पानाच्या कडेकडून इंग्रजी व्ही अक्षरासारखा पिवळा चट्टा आत येत असेल आणि शिरा काळ्या पडल्या असतील, तर तो घाण्या रोग. तो जिवाणूंमुळे होतो. पानाच्या खालच्या बाजूला पांढरट बुरशी असेल, तर केवडा. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तेही वाफाभर सारखंच असेल, तर बहुधा मॅग्नेशियम कमी पडलंय. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

कोबीवर येणारे टर्निप मोझॅक आणि कॉलिफ्लॉवर मोझॅक हे दोन्ही विषाणू मावा पसरवतो. रोगट पानातला रस शोषलेला मावा निरोगी पानावर बसला की काही मिनिटांत रोग देऊन जातो. कीटकनाशकानं तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. म्हणून खरी राखण रोपांपासूनच करायची. गादीवाफ्यावर बारीक नायलॉनची जाळी लावा. लागवडीआधी शेताच्या कडेनं मक्याच्या दोन ओळी पेरा. जुन्या कोबीचे बुडखे शेतात ठेवू नका.

पतंगाच्या अळीसाठी आपण कोबीत मोहरी लावतो. पण मोहरीलाही टर्निप मोझॅक होतो, मावाही तिच्यावर लवकर येतो. तिची पानं दर आठवड्याला पाहा.

सुरुवातीला दोनचार झाडं रोगट दिसली तर उपटून पुरून टाका. गड्डे धरल्यावर रोग दिसला तर घाबरू नका. हा विषाणू माणसाला बाधत नाही, तो कोबी खाता येतो.

तरीही शंका वाटली तर मुळासकट एक झाड पिशवीत घालून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या नाशिकच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या शेतातलं एक पान आणा.