ख्रिस्ती आशेतील ‘स्वगृह’

वार्धक्यात मनुष्याचे मन बहुधा मागे टाकलेल्या घराकडे वळते. ख्रिस्ती आशेतील घर मात्र पुढे असते. नव्या कराराच्या ग्रीक शब्दयोजनेवरून हा भेद स्पष्ट होतो.

करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ५ व्या अध्यायात पौलाने देहास तंबूची उपमा दिली आहे. तंबू करणे हा त्याचा व्यवसायच होता. तेथे ‘एन्देमेओ’ म्हणजे स्वदेशी असणे आणि ‘एक्देमेओ’ म्हणजे परदेशी असणे, ही क्रियापदांची जोडी येते. देहात राहणे हा प्रभूपासूनचा परदेशवास व देह सोडणे हे स्वदेशी येणे, असा नित्याच्या अर्थाचा व्यत्यास पौलाने तीतून साधला आहे. तथापि या तंबूत मनुष्य कण्हतो, हेही तो नाकारीत नाही.

इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात हा विचार पुढे जातो. अब्राहामादी पूर्वज स्वतःस परके म्हणवीत. परंतु सोडलेल्या देशी परतण्याची त्यांस इच्छा नव्हती. ‘पात्रिस’, म्हणजे पितृभूमी, हा शब्द तेथे केवळ दुरून पाहिलेल्या स्वर्गीय देशास लाविला आहे. मराठीतील ‘माहेर’ या शब्दात आपलेपणा आहे, पण माहेर पूर्वी अनुभविलेले असते. ‘पात्रिस’ अद्याप गाठावयाची असते.

म्हणून जोडीदार, घर व शरीरबळ गमावलेल्या वृद्धास ही श्रद्धा गेलेले दिवस परत देत नाही. त्याचा प्रवास अजून संपलेला नाही, एवढे ती त्यास सांगते.