‘जी’ शिखर सरकले म्हणजे डोपिंग झाले?

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. थिन फिल्मच्या संशोधनाची या विद्यापीठात जुनी परंपरा असल्यामुळे इथल्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सब्स्ट्रेट, म्हणजे थराखालचा आधार, काही नवा नाही. काच नीट धुतली नाही तर थर धरत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. ग्राफीनकडे वळल्यावर मात्र थराखाली काय आहे याचा अनेकदा विसर पडतो. विखुरलेल्या लेसर-प्रकाशाच्या रामन आलेखातले एक शिखर चार-पाच एककांनी (प्रति सेंटीमीटर) सरकलेले दिसते आणि प्रबंधात ‘डोपिंग झाले’, म्हणजे ग्राफीनमधला भार वाढला, असे लिहून माणूस मोकळा होतो.

गैरसमज: ‘जी’ शिखर वर सरकले, म्हणजे ग्राफीनमध्ये इलेक्ट्रॉन वाढले.

ग्राफीन म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर. त्याच्या रामन आलेखात ‘जी’ शिखर 1580 प्रति सेंटीमीटरच्या आसपास येते आणि ‘टू-डी’ शिखर हिरव्या लेसरखाली 2700 च्या जवळपास. इलेक्ट्रॉन वाढोत वा होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा), ‘जी’ दोन्ही वेळा वरच सरकते. हे स्वच्छपणे दाखवणारे काम 2008 साली ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’मध्ये आले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अनिंद्य दास व अजय सूद आणि केंब्रिजचे आंद्रेआ फेरारी त्यात होते. त्यांनी ग्राफीनच्या ट्रान्झिस्टरला वरून विद्युत-रासायनिक गेट दिले, व्होल्टेज बदलत भार वाढवत नेला आणि प्रत्येक पायरीवर रामन आलेख घेतला.

असे का होते? डोपिंग नसलेल्या ग्राफीनमध्ये ‘जी’ कंपनाची ऊर्जा, सुमारे 0.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी तयार करण्यात खर्च होते. कंपन लवकर विरते, म्हणून शिखर रुंद दिसते, साधारण 15 एककांचे. फर्मी पातळी 0.1 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पलीकडे सरकली की ही वाट बंद होते, कारण इलेक्ट्रॉनला उडी मारायला रिकामी जागा तरी उरत नाही किंवा उडी मारणारा इलेक्ट्रॉन तरी. मग शिखर अरुंद होते आणि वर चढते. तेव्हा ‘जी’ सरकूनही रुंदच राहिले असेल, तर डोपिंगचा दावा करण्याआधी थांबावे. भार कोणत्या जातीचा हे ‘टू-डी’ सांगते. होल वाढले की तेही वर जाते. इलेक्ट्रॉन बरेच वाढले की खाली येते.

गैरसमज: सब्स्ट्रेट नुसता खाली असतो, तो काही करत नाही.

मला हा सगळ्यात घातक गैरसमज वाटतो. ग्राफीन बहुधा सिलिकॉनवरच्या सुमारे 300 नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडवर ठेवतात, कारण त्या जाडीला एकच थर साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो. पण त्या ऑक्साइडमध्ये भार अडकलेले असतात. हवेतला ऑक्सिजन आणि पृष्ठभागावरचे पाणी ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन ओढून घेतात. कोणी काही मिसळले नाही तरी नमुना होलने डोप झालेला असतो! तांब्यावर वाढवून पॉलिमरच्या आधाराने उचललेल्या ग्राफीनवर त्या पॉलिमरचे अवशेष राहतात, त्यांचीही भर पडते. खाचेवर अधांतरी ताणलेल्या ग्राफीनमध्ये हे सारे खूपच कमी असते. दास, बिस्वनाथ चक्रवर्ती आणि सूद यांनी 2008 मध्येच ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’मध्ये वेगवेगळ्या सब्स्ट्रेटवरच्या ग्राफीनवर स्वतंत्र लेख लिहिला. इथल्या प्रत्येक प्रकल्प-विद्यार्थ्याने तो वाचावा असे मला मनापासून वाटते.

सब्स्ट्रेट ताणही देतो. मिरजेच्या तंबोऱ्याची तार ताणली की स्वर चढतो. ग्राफीन ताणले की उलट होते. अणूंमधले बंध लांबतात, सैल पडतात आणि दोन्ही शिखरे खाली उतरतात. दाबले तर वर जातात, म्हणजे डोपिंगसारखेच दिसते. दोन्ही वेगळे कसे करायचे, ते 2012 मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी दाखवले. आडव्या अक्षावर ‘जी’चे आणि उभ्या अक्षावर ‘टू-डी’चे स्थान मांडायचे. ताणामुळे बिंदू सुमारे 2.2 उताराच्या रेषेवर सरकतात, होलमुळे सुमारे 0.7 उताराच्या. त्यासाठी नमुन्यावरच्या अनेक जागा मोजाव्या लागतात. एका आलेखावर हे होत नाही.

गैरसमज: ‘डी’ आणि ‘जी’चे गुणोत्तर कमी, म्हणजे ग्राफीन चांगले.

‘डी’ शिखर, साधारण 1350 ला, दोषांमुळे उमटते. नुसता भार वाढल्याने नाही. मात्र बोरॉन किंवा नायट्रोजन जाळीतल्या कार्बनच्या जागी बसवला तर तो अणूच दोष ठरतो आणि ‘डी’ वाढते. दोष वाढत गेले की हे गुणोत्तर आधी चढते. दोषांमधले अंतर तीन-चार नॅनोमीटरवर आले की पुन्हा उतरू लागते. ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण केल्यावर गुणोत्तर अनेकदा वाढलेलेच दिसते. त्यावरून क्षपण फसले असे म्हणता येत नाही, आणि त्या पदार्थाला एकथरी ग्राफीनचे निकष लावणेही चूक.

मोजणीही जपून करावी. लेसरने नमुना तापला तर ‘जी’ खाली येते, म्हणून शक्ती एक मिलिवॅटच्या आत ठेवतात. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवत असाल, तर लेसरची तरंगलांबी, शक्ती आणि सिलिकॉनच्या 520.5 जवळच्या शिखराचे त्याच दिवशीचे वाचन आलेखाबरोबर मागून घ्या. तेच त्याच दिशेने दोन एककांनी चुकलेले असेल, तर तुमचे चार एककांचे सरकणे निम्मेच उरते.