उघड्यावरील घरगुती उद्वाहन : ऋतुमानानुसार निगा

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या महामार्गावर, सह्याद्रीच्या पायथ्याशी टोकावडे हे गाव वसले आहे. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर हे दोन्ही तालुके भरपूर पावसाचे आहेत. जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सर्वसाधारणपणे २,००० मिलिमीटरहून अधिक असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. या मुलखातील माणसाला पावसाची सवय आहे, आणि त्या पावसासाठी घर सज्ज करण्याची एक जुनी शिस्तही आहे. रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास कौले चाळली जातात, फुटकी बदलली जातात, पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूस झड बांधली जाते, जळण कोरड्या जागी रचले जाते आणि पागोळ्यांच्या पाण्याला वाट करून दिली जाते. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी ही कामे उरकलीच पाहिजेत, हे कोणाला सांगावे लागत नाही.

अलीकडच्या काळात या घरांचे रूप पालटत आहे. ओटी, पडवी आणि माजघर असलेल्या बैठ्या घरांच्या जोडीला सिमेंट काँक्रीटची दुमजली घरे उभी राहिली आहेत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर शहर सोडून गावी स्थायिक होणारी कुटुंबेही आहेत. बैठ्या घरात वृद्धांना जिना चढण्याचा प्रसंग येत नसे. दुमजली घरात तो रोजचाच झाला. गुडघ्यांच्या व्याधीने त्रस्त झालेली माणसे, हृदयविकाराचे रुग्ण आणि चाकांच्या खुर्चीवर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्ती यांच्या दृष्टीने वरचा मजला म्हणजे परका प्रदेशच ठरतो. अशा कुटुंबांसाठी घरगुती उद्वाहन, म्हणजेच लिफ्ट, ही चैनीची वस्तू राहत नाही. बांधून झालेल्या घरात मात्र तिला जागा करावयाची तर स्लॅब फोडावा लागतो. म्हणून बाहेरच्या भिंतीला लागून लोखंडी मनोरा उभारून त्यात उद्वाहन बसविण्याचा मार्ग सोयीचा ठरतो. घराच्या आतील उद्वाहनाला न भोगावे लागणारे ऊन, पाऊस आणि धूळ या मनोऱ्याला बारा महिने सोसावे लागतात. त्यामुळे कौलांप्रमाणेच त्याचीही निगा ऋतुमानानुसार घ्यावी लागते.

यंत्राची ओळख

घरगुती उद्वाहने प्रामुख्याने तीन तत्त्वांवर चालतात. पहिल्या प्रकारात पोलादी दोरखंडाच्या एका टोकाला केबिन आणि दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. दुसऱ्या प्रकारात पंपाने तेलाचा दाब निर्माण करून दट्ट्याच्या साहाय्याने केबिन उचलली जाते. तिसऱ्या प्रकारात उभ्या स्क्रूवर फिरणाऱ्या नटाच्या आधारे केबिन वरखाली होते. प्रकार कोणताही असो. केबिनला सरळ वाटेवर ठेवणारे मार्गदर्शक रूळ, मनोऱ्याच्या तळाशी असलेला खड्डा, प्रत्येक मजल्यावरील दार व त्याचे कुलूप, मर्यादा स्विच आणि विजेची नियंत्रण पेटी ही अंगे सर्वत्र आढळतात.

यांपैकी दाराचे कुलूप हे अत्यंत महत्त्वाचे अंग होय. केबिन समोर आल्याखेरीज दार उघडू नये आणि दार पक्के लागल्याखेरीज केबिन हलू नये, अशी त्याची योजना असते. केबिन प्रमाणाबाहेर वेगाने खाली येऊ लागल्यास रुळांना घट्ट धरून ती थांबविणारी सुरक्षा पकडही दोरखंडाच्या उद्वाहनात असते. या पकडीचे महत्त्व जगाला पटवून देण्याचे श्रेय एलिशा ओटिस यांच्याकडे जाते. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी स्वतः उंचावलेल्या फलाटावर उभे राहून त्याचा दोरखंड तोडवून घेतला, आणि फलाट थोडासा घसरून जागच्या जागी अडकला. तथापि ही पकड तिच्या कमानी आणि जबडे मोकळे असतील तरच काम करते. गंजाने जखडलेली पकड गरजेच्या क्षणी उपयोगी पडेल याची शाश्वती नसते.

पाणी कोठून शिरते?

उघड्यावरील उद्वाहनाच्या बिघाडांचे मूळ शोधू गेल्यास ते बहुधा पाण्यापाशी पोहोचते. पाणी चार वाटांनी येते. मनोऱ्याच्या छपरातून आणि काचांच्या सांध्यांतून ते वरून गळते; वाऱ्याबरोबर दारांच्या फटींतून आडवे शिरते; अंगणातून वाहत येऊन अथवा जमिनीतून पाझरून तळाच्या खड्ड्यात साचते. चौथी वाट डोळ्यांना दिसत नाही. ती हवेतील बाष्पाची. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत पाऊस प्रत्यक्ष न लागताही लोखंड गंजते आणि विजेच्या संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर चढतो.

या वाटा बुजविण्याचा विचार उभारणीच्या वेळीच व्हावा. कोकणात पावसाचा मारा मुख्यतः नैऋत्येकडून व पश्चिमेकडून होतो. म्हणून शक्य तेथे तळमजल्याचे दार पूर्वेस अथवा ईशान्येस ठेवावे आणि त्यावर पुरेशी रुंद पाखी काढावी. उंबरठा अंगणापेक्षा उंच घ्यावा. चाकांच्या खुर्चीसाठी त्यास उतार द्यावयाचा असल्यास तो बारास एक या प्रमाणाहून तीव्र नसावा. मनोरा संपूर्ण हवाबंद करणेही हिताचे नसते, कारण आत कोंडलेली दमट हवा थंड पत्र्यावर व काचेवर घाम धरते. वर आणि खाली जाळी लावलेली, तिरप्या पट्ट्यांची झरोकी ठेवल्यास हवा खेळती राहते.

विजेची उपकरणे निवडताना त्यांवरील 'आयपी' हा सांकेतिक अंक पाहावा. त्यातील पहिला आकडा धुळीपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण दर्शवितो. आयपी ५४ चे उपकरण पाण्याचे शिंतोडे सोसते. आयपी ६५ चे उपकरण धुळीस पूर्ण अटकाव करते व पाण्याच्या फवाऱ्यालाही टिकते. बाहेरील बटणे आणि तळाजवळील स्विच यांसाठी वरच्या दर्जाची निवड करणे शहाणपणाचे ठरते.

फाल्गुन ते वैशाख : रंग, राख आणि भूसंपर्कन

लोखंडाची डागडुजी करण्यास कोरडे दिवस योग्य असतात. गंजलेला भाग तारेच्या ब्रशाने खरवडून, पुसून, त्यावर गंजरोधक अस्तर आणि नंतर रंगाचे दोन हात द्यावेत. ओलसर लोखंडावर दिलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून हे काम मेअखेरीच्या ढगाळ दिवसांवर टाकू नये. मात्र मार्गदर्शक रुळांच्या ज्या पृष्ठभागावरून केबिन सरकते, त्याला रंग कदापि लावू नये.

या दिवसांत भातशेतीच्या तयारीसाठी राब भाजले जातात. त्यांची राख आणि रस्त्यावरील धूळ वाऱ्याबरोबर उडून रुळांवरील वंगणात मिसळते आणि त्याचा कानशीसारखा घासणारा लेप तयार होतो. अशा वेळी जुन्या वंगणावर नवे चोपडण्यापेक्षा जुने पुसून काढून मगच नवा पातळ थर देणे योग्य होय. पोलादी दोरखंडालाही जाड ग्रीस न लावता निर्मात्याने सांगितलेले, आतपर्यंत झिरपणारे तेलच बेताने वापरावे. दोरखंडावर तांबूस भुकटी दिसू लागली तर आतील तारा घासत वा गंजत असल्याची ती खूण समजावी आणि तज्ज्ञास पाचारण करावे.

उन्हाच्या तापाने द्रवदाबाचे तेल पातळ होते. केबिन मजल्याच्या पातळीपेक्षा बोटभर खाली थांबू लागली किंवा उभी असताना हळूहळू खाली सरकू लागली, तर झडप अथवा रबरी कडी झिजल्याचा संशय घ्यावा. वृद्ध माणूस अडखळून पडण्यास बोटभर उंचीचा फरकही पुरेसा असतो.

भूसंपर्कनाची, म्हणजे अर्थिंगची, मोजणीही उन्हाळ्यातच करून घ्यावी. ओल्या जमिनीतून वीज सुलभतेने वाहते. त्यामुळे पावसाळ्यात घेतलेले माप समाधानकारक दिसते आणि मुरूम व कातळाची जमीन वाळल्यावर तेच भूसंपर्कन अपुरे पडते. वर्षातील प्रतिकूल दिवसांत जे माप योग्य ठरेल, तेच खरे मानावे.

रोहिणी ते हस्त : पावसाची आघाडी

रोहिणी नक्षत्राच्या सुमारास प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून संपूर्ण तपासणी करून घेणे ही वर्षातील मुख्य निगा होय. दारांची कुलपे, मर्यादा स्विच, सुरक्षा पकड, ब्रेक, धोक्याची घंटा आणि वीज गेल्यावर केबिनला जवळच्या मजल्यापर्यंत नेणारी बॅटरी यांची चाचणी तंत्रज्ञाने घरच्या माणसांसमोर करावी. गावाकडे वादळी पावसात वीज खंडित होण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी केबिनमध्ये अडकलेल्या रुग्णाला या बॅटरीचाच आधार असतो. उन्हाने बॅटरीचे आयुष्य घटते, हे लक्षात घेऊन तिची क्षमता प्रत्यक्ष भारानिशी तपासली जावी.

तळाच्या खड्ड्यातील पाणी बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे काय, हे आधीच तपासून पाहावे. हा निचरा पागोळ्यांच्या गटाराला थेट जोडू नये. गटार तुंबल्यास तेच पाणी उलट खड्ड्यात येते. छपराचे सांधे व दारांच्या रबरी पट्ट्या तपासून भेगाळलेल्या पट्ट्या बदलाव्यात.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट विशेष असतो. अशा वेळी केबिन रिकामी असल्याची खात्री करून, दारे लावून मुख्य स्विच बंद ठेवावा. अंगणात पाणी चढू लागल्यास स्विच बंद करण्यापूर्वी केबिन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवावी. द्रवदाबाच्या उद्वाहनात ती वर टिकवून धरण्याची सोय आहे की नाही, याची माहिती तंत्रज्ञाकडून आधीच घ्यावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ठाणे जिल्ह्यातही पुराने हाहाकार उडविला. असा दिवस पूर्वसूचना देऊन येतोच असे नाही.

भातखाचरांत पाणी भरले की उंदीर, विंचू आणि साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात. पाली व मुंग्या नियंत्रण पेटीत शिरून विजेचा मार्ग जोडतात. उंदीर तारांचे आवरण कुरतडतात. पेटीतील प्रत्येक छिद्र योग्य बुचाने बंद असावे. खड्ड्यात पाणी दिसल्यास मुख्य वीजपुरवठा बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. घरातील कोणीही त्यात उतरू नये.

हस्तानंतर : हिशेब आणि दुरुस्ती

हस्त नक्षत्र सरल्यावर दुसरी तपासणी करावी. चार महिन्यांत कोठे गंज धरला, कोठे पाणी झिरपले आणि कोणती संपर्कपट्टी काळवंडली याची नोंद वहीत ठेवल्यास पुढील उन्हाळ्यातील कामांची यादी आपोआप तयार होते. त्यानंतर येणारी थंडी या भागात बेताची असल्याने यंत्राला तिचा फारसा उपद्रव होत नाही. भात झोडणीचा भुसा व धूळ उडत असताना झरोक्यांच्या जाळ्या साफ ठेवल्या म्हणजे पुरे.

घरच्यांचे काम आणि तंत्रज्ञाचे काम

घरच्या माणसांनी पाहावे, ऐकावे, पुसावे आणि नोंद करावी; यंत्राच्या आत हात घालू नये. आठवड्यातून एकदा दाराच्या खाचेतील खडे व माती काढणे, घंटा व दिवा तपासणे, केबिन पातळीवर थांबते का हे पाहणे आणि नवा आवाज येत असल्यास तो टिपणे एवढे त्यांच्याकडून अपेक्षित आहे. ३० मिलिअँपिअर क्षमतेचे गळतीरोधक स्विच बसविले असल्यास त्याचे चाचणी बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

पावसात दाराच्या कुलपाचा संपर्क ओलावून उद्वाहन बंद पडते, तेव्हा तेथे तारेचा तुकडा जोडून ते चालू करून देणारे हात सहज मिळतात. ही दुरुस्ती नव्हे, अपघाताला दिलेले आमंत्रण होय. असा तुकडा जोडल्यावर दार उघडे असतानाही केबिन हलू शकते, आणि एखादे बालक किंवा दृष्टी मंदावलेली वृद्ध व्यक्ती रिकाम्या मनोऱ्यात पाऊल टाकण्याचा संभव निर्माण होतो. कुलूप कोरडे होऊन तंत्रज्ञाने तपासेपर्यंत उद्वाहन बंद ठेवणे हाच योग्य उपाय आहे. वरच्या मजल्यावरील रुग्णासाठी पावसाळ्याचे चार महिने खाली एक खाट राखून ठेवल्यास या घाईचे कारणच उरत नाही.

कोणी केबिनमध्ये अडकल्यास दार बळाने उघडू नये. आतील व्यक्तीस धीर द्यावा, वीजपुरवठा बंद करावा आणि तंत्रज्ञास बोलवावे. प्रकृती बिघडल्यास ११२ या आपत्कालीन क्रमांकावर मदत मागावी.

कायद्याची चौकट

राज्यात उद्वाहनांच्या सुरक्षिततेसाठी १९३९ पासून स्वतंत्र कायदा होता. त्याची जागा २०१७ च्या नव्या अधिनियमाने घेतली असून त्यात सरकते जिने व सरकते मार्ग यांचाही समावेश करण्यात आला आहे. घरगुती उद्वाहनांची उभारणी व देखभाल यांविषयी भारतीय मानक १५२५९ हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. उभारणीपूर्वी विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे चौकशी करून आवश्यक ती परवानगी व अनुज्ञप्ती घ्यावी, आणि देखभालीचा करार करताना पावसाळ्यापूर्वीची व नंतरची अशा दोन्ही भेटी त्यात लेखी नमूद करून घ्याव्यात. शहरापासून दूर असलेल्या गावी तंत्रज्ञ किती वेळात पोहोचेल, हेही करारात स्पष्ट असावे.

कौले चाळण्यास विलंब झाला तर घरात गळते, आणि गळतीखाली भांडे ठेवून निभावता येते. उद्वाहनाच्या बाबतीत असा निभाव लागत नाही. तेथे दुर्लक्षाची किंमत घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला मोजावी लागते. म्हणून रोहिणीच्या कामांच्या यादीत कौले, झड आणि जळण यांच्या जोडीला या मनोऱ्याचेही नाव लिहिले गेले पाहिजे.