वारली चित्रकला व भूमितिशिक्षण
डहाणू व तलासरी (पालघर जिल्हा) या तालुक्यांतील वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे प्रामुख्याने त्रिकोण, वर्तुळ व चौकोन यांवर उभी असतात. मनुष्याकृतीत दोन त्रिकोणांची टोके कमरेपाशी जुळतात. त्यांच्या बाजू आरपार सरळ रेषेत असल्यास तेथील विरुद्ध कोन समान होतात; पायेही समांतर असल्यास त्रिकोण समरूप ठरतात. नाचताना धड कलले, की या अटी मोडतात. कोसबाड (ता. डहाणू) येथे ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी परिसरातील वस्तूंचीच शैक्षणिक साधने केली होती. त्याच न्यायाने उभ्या व नाचणाऱ्या आकृतींतील हा फरक मुलांना कोनमापकाने स्वतः पडताळू द्यावा. नुसते त्रिकोण रंगविणे ही हस्तकला होय, गणित नव्हे.