मिरचीची चव तिखटात नसते

डहाणू तालुक्यातलं गंजाड बाहेरच्या जगाला ठाऊक झालं ते जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे. इथल्या कळंबीपाड्यावर राहून त्यांनी वारली चित्रं लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर उतरवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवलेल्या विषयांपैकी एक म्हणजे मासे धरायचं जाळं. गंजाड किनाऱ्यावरचं गाव नाही, तरी मासळी इथल्या जेवणात पक्की मुरलेली आहे. पावसाळ्यात ओढ्या-शेतांतली ताजी आणि बाकी वर्षभर आठवडे बाजारातून आणलेली सुकी. घरच्या तिखटाला चव कशी आणायची, हा प्रश्न पडला की मला या भागातली सुक्या बोंबलाची चटणी आठवते. त्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं उत्तर तिच्यात आहे.

कृती साधी वाटते, पण तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. चूल विझत आली की बोंबील निखाऱ्यावर टाकतात. तो तडतडतो, कडा करपतात, वास घरभर होतो. मग डोकं-शेपूट मोडायचं, राख झटकायची आणि मधला काटा ओढून काढायचा. सुक्या लाल मिरच्या मात्र निखाऱ्यावर फार वेळ टिकत नाहीत. त्या राखेच्या कडेला ठेवून, फुगून कुरकुरीत झाल्या की लगेच उचलायच्या. पाट्यावर आधी लसूण आणि जाडं मीठ, मग मिरची. मिठाच्या खड्यांमुळे लसूण आणि मिरचीची साल रगडली जाते. मिरची बारीक झाली की शेवटी बोंबील, तोही भरड ठेवायचा. तांदळाच्या भाकरीबरोबर ही चटणी खाताना नाकातोंडातून पाणी येतं, तरी हात थांबत नाही. तिखट तर नुसती मिरचीपूडही असते, पण ती कुणी भाकरीला लावून पोटभर खात नाही.

तिखट ही मुळात चवच नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन चिकटतं, तो उष्णता आणि वेदना ओळखणारा आहे. शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना अर्देम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. हाच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. वाफाळता रस्सा कोमट रश्श्यापेक्षा जास्त झणझणीत लागतो तो यामुळेच. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं. म्हणून जीभ पोळल्यावर तांब्याभर पाण्यापेक्षा वाटीभर दही कामाला येतं.

तिखटपणा मोजायची पद्धत १९१२ मध्ये अमेरिकेतले औषधनिर्माते विल्बर स्कोव्हिल यांनी काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, आणि चाखणाऱ्याला तिखट लागेनासं होईपर्यंत किती पाणी घालावं लागलं ते मोजायचं. त्या मोजणीने तिखटाला आकडा मिळाला. वासाला मिळाला नाही. तेव्हापासून जास्त आकड्याची मिरची ती भारी मिरची, हा समज जगभर पसरला. घरच्या मसाल्याचं त्याने फार नुकसान केलं, असं माझं ठाम मत आहे.

या समजाला उत्तर द्यायला डहाणूइतकी चांगली जागा नाही. डहाणू-वाणगाव पट्ट्यात हिरवी मिरची पिकते आणि ढोबळीही. ढोबळीत कॅप्सेसिन नसतंच म्हटलं तरी चालेल, पण चिरली की मिरचीचा हिरवा वास स्वयंपाकघरभर होतो. त्या वासामागचं मुख्य द्रव्य १९६९ मध्ये अमेरिकेत ओळखलं गेलं. ते मेथॉक्सिपायराझिन गटातलं आहे आणि पाण्याच्या एक लाख कोटी भागांत त्याचे दोनच भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. म्हणजे मिरचीपण तिखटाशिवायही पुरेपूर असू शकतं. मिरची पिकून लाल होते, वाळते, तसा हा हिरवा वास ओसरतो आणि त्याच्या जागी मनुकेसारखा गोडसर, किंचित आंबूस वास येतो. लाल तिखटात आपल्याला हवा असतो तो हा वास, आणि तो सालीत व गरात असतो. कॅप्सेसिन तयार होतं आतल्या पांढऱ्या शिरांत. बियांना ते शिरांच्या शेजारामुळे लागतं. तिखट कमी आणि चव पुरी हवी असेल, तर मिरची उभी मोडून शिरा-बिया झटकाव्यात आणि त्या जागी मूठभर मिरच्या जास्त घ्याव्यात.

जुन्या घरांना हे रसायनशास्त्राशिवायच माहीत होतं. चैत्र-वैशाखात मसाला करताना कुणी एकाच जातीची मिरची घेत नाही. हावेरीकडची ब्याडगी रंगाला आणि वासाला, संकेश्वरी तिखटाला, वर थोडी काश्मिरी. याच उत्तर कोकणात वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचा बाटली मसाला आहे. वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजून, कुटून, बिअरच्या तपकिरी बाटल्यांत दाबून भरतात. बाटली तपकिरी असते त्याला कारण आहे. उजेड आणि हवा लागली की मिरचीचा लाल रंग उडतो, वास जातो, आणि तिखटपणा तेवढा मागे राहतो. काचेच्या पारदर्शक बरणीत, गॅसशेजारी, वर्षभर ठेवलेल्या तिखटाचं नेमकं हेच होतं. मग चव लागत नाही म्हणून आपण आणखी एक चमचा घालतो, आणि भाजी नुसती जाळ होते.

मिरची स्वतः या किनाऱ्याला परकीच. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, दमण १५५९ मध्ये, आणि डहाणू या दोन ठाण्यांच्या मधलं. १७३९ मध्ये मराठ्यांनी हा मुलूख घेईपर्यंत अमेरिकेतून आलेलं हे पीक इथल्या मातीत रुजलं होतं. मिरची येण्याआधी तिखटाचं काम मिरी, पिंपळी आणि आलं करत होतं. म्हणजे मिरचीभोवतीची सगळी कारागिरी गेल्या चार-पाच शतकांत घरोघरच्या बायकांनी उभी केली. स्वयंपाकाच्या इतिहासात त्याची नोंद फार थोडी सापडते, याचं मला वाईट वाटतं.

बोंबलाकडे परत यावं लागतं, कारण खरी गंमत तिथे आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. पाच वर्षांनी त्यांच्या शिष्याने सुक्या मासळीतून इनोसिनेट शोधलं. ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पटीने वाढते, हे पुढे सिद्ध झालं. सुकट-टोमॅटो, बोंबील-कांदा ही आपल्याकडची जोडपी याच हिशेबात बसतात. मटणाच्या रश्श्याला, वालाच्या आमटीला, अगदी वांग्याच्या भाजीलाही चिमूटभर भाजलेल्या जवळ्याची पूड लावून पाहावी. मासळीचा वास वेगळा कळत नाही, पण मिरची एकदम बोलकी होते. शाकाहारी घरांनी हेच काम भाजलेल्या खुरसणीकडून आणि डाळीच्या पुडीकडून करून घ्यावं. चव वेगळी येते, पण भरीव येते.

मग आंबट. या जंगलपट्ट्यात त्याचा साठा मोठा आहे: चिंच, कैरीच्या वाळवलेल्या फोडी म्हणजे आंबोशी, आणि पावसाच्या तोंडावर येणारी काकडं ही रानफळं. शेवळांच्या रानभाजीत काकडं खाज मारायला घालतात, पण त्यांच्या आंबटपणामुळे त्या भाजीतलं तिखटही उठून दिसतं. आंबट नेहमी शेवटी घालावं, कालवण उतरवायच्या जरा आधी. तिखट मात्र सुरुवातीला, आणि तेल तापून धुरावलेलं असताना कधीच नाही. गॅस बारीक करावा किंवा कढई खाली घ्यावी, तिखट घालून दहा-पंधरा सेकंद हलवावं आणि लगेच पाण्याचा हबका द्यावा. रंग आणि वास दोन्ही तेलात उतरतात. एवढ्यात जमलं नाही तर मिरची कडवट होते, आणि तो कडवटपणा गुळानेही झाकला जात नाही.

एक गोष्ट मला डहाणूच्या शेतकऱ्यांपुढे आग्रहाने मांडायची आहे. इथली मिरची बहुतेक हिरवीच तोडून मोठ्या बाजारांकडे जाते, आणि मसाल्याची लाल मिरची आपण कर्नाटक-आंध्राकडून आणतो. हंगामाच्या शेवटी हिरव्या मिरचीचा भाव पडला, की शेवटचे दोन तोडे झाडावरच पिकू द्यावेत. फेब्रुवारी-मार्चचं ऊन कोरडं असतं. चटईवर पसरून, रात्री दवातून आत घेऊन, आठ-दहा दिवसांत मिरची वाळते. रंगाला ती ब्याडगीची बरोबरी करणार नाही. पण तिला या मातीचा वास असेल, आणि वर्षभराच्या घरच्या चटणीला दोन किलोसुद्धा पुरतात.