एमजीबीचे दीड इंच

१९७४ च्या शरद ऋतूपासून इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन कारखान्यातून बाहेर पडणारी एमजीबी ही स्पोर्ट्स कार आधीच्या गाडीपेक्षा सुमारे दीड इंच उंच होती. इंजिन तेच, दरवाजे तेच, आसनही तेच. पण क्रोमच्या बंपरांच्या जागी काळे, जाड बंपर आले आणि चाकांच्या वर कमानीत मोकळी जागा दिसू लागली. स्पोर्ट्स गाड्यांच्या इतिहासात कारखान्यानेच गाडी मुद्दाम उंच केल्याची उदाहरणे थोडी. त्यातले हे एक बरेच चर्चा झालेले.

एमजीबी बाजारात आली १९६२ मध्ये, १७९८ सीसीचे बी-सिरीज इंजिन घेऊन. याच घराण्यातले धाकटे १४८९ सीसीचे इंजिन भारतात ॲम्बॅसडरमधून दशकानुदशके धावले. गाडीचे पुढचे सस्पेन्शन मात्र तिच्या जन्माहूनही जुने होते. १९४७ च्या एमजी वाय-टाइप सलूनमध्ये वापरलेली, ॲलेक इसिगोनिस यांचा हात लागलेली ही रचना १९५० ची टीडी आणि १९५५ ची एमजीए असा प्रवास करत इथवर पोहोचली. खाली दोन दांड्यांचे विशबोन, त्यांच्यामध्ये पत्र्याचे तबक आणि त्या तबकावर उभी कॉइल स्प्रिंग. वर वेगळा विशबोन नाहीच, शॉक ॲब्सॉर्बरचे हातच ते काम करतात. हा शॉक ॲब्सॉर्बर नळीसारखा लांबट नसून तेलाने भरलेला, बाजूला हात फुटलेला जुन्या धाटणीचा असतो. हा सारा संच एका लोखंडी क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, बसतो आणि क्रॉसमेंबर बोल्टांनी बॉडीला खालून जोडलेला असतो. उंची वाढवण्याची वेळ आली तेव्हा कारखान्याच्या उपयोगी पडली ती हीच जोडणी.

ती वेळ अमेरिकेमुळे आली. एमजीबीचा फार मोठा वाटा अमेरिकेत विकला जाई, त्यामुळे तिथला कायदा बदलला की अ‍ॅबिंग्डनला बदलावेच लागे. १९७३ च्या मॉडेलांपासून तिथे बंपरांसाठी नवी मानके लागू झाली: ताशी ५ मैलांच्या हलक्या धडकेत दिवे आणि इतर सुरक्षा-भाग शाबूत राहिले पाहिजेत. पुढच्या टप्प्यात लोलकासारख्या वजनाने आघात करण्याची चाचणी आली आणि तो आघात जमिनीपासून १६ ते २० इंचांच्या पट्ट्यात होणार होता. एखादी गाडी दुसरीच्या बंपरखाली घुसू नये, हा हेतू योग्यच होता. पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या बुटक्या स्पोर्ट्स कारला हा पट्टा गाठणे जड होते. दिव्यांच्या किमान उंचीचा नियमही याच दिशेने ढकलत होता. १९७४ च्या सुरुवातीच्या गाड्यांवर रबराचे मोठे उभे ठोकळे बसवून वेळ मारून नेली गेली, पण तो तात्पुरता उपाय होता. नवी बॉडी आखायला एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडकडे ना पैसा होता ना इच्छा. नव्या नियमांचा विचार करून आखलेली त्याच कंपनीची ट्रायम्फ टीआर-७ वाटेवर होती. म्हणून जुनीच गाडी वर उचलायचे ठरले.

पुढच्या बाजूला ही उंची केवळ लांब स्प्रिंगांनी मिळवलेली नव्हती, आणि या बदलाची गोष्ट सांगताना नेमके हेच बहुतेकदा सुटून जाते. स्प्रिंग लांब केली तर विशबोन खाली झुकतात आणि चाकांची भूमिती बदलते. कारखान्याने क्रॉसमेंबरच बदलला: बॉडीला टेकणारी त्याची बाजू उंच केली. त्यामुळे विशबोनांचा जमिनीशी असलेला कोन जवळपास पूर्वीचाच राहिला आणि बॉडी तेवढी वर गेली. स्टिअरिंगचा रॅक क्रॉसमेंबरवरच असल्याने तोही चाकांच्या सोबतीने राहिला; जुळवून घ्यावे लागले ते वरून येणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्याला. मागे पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगांच्या बाजूने तेवढीच उंची दिली गेली.

हिशेब म्हणून हे काम नीटस होते, पण त्याची किंमत वळणावर मोजावी लागली. चाकांची भूमिती तीच राहिली तर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदूही जवळपास तिथेच राहतो. वजनाचा मध्य मात्र दीड इंच वर जातो. या दोहोंमधले अंतर जितके जास्त, तितकी गाडी वळणावर जास्त कलते. त्यात बंपरांच्या पोटातल्या पोलादाचे वजन गाडीच्या दोन्ही टोकांना वाढले. एवढ्यावर भागले असते, तर गाडी थोडी सुस्त झाली एवढेच म्हणता आले असते. पण खर्च वाचवण्यासाठी रोडस्टरचा, म्हणजे उघड्या छताच्या गाडीचा, पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे कलणे आवरणारा दांडा, याच वेळी काढून टाकण्यात आला. गाडी उंच केल्यावर ज्या भागाची गरज वाढते, तोच भाग उतरवला गेला. कायद्याला नावे ठेवण्याची रीत आहे. पण या गाडीच्या बाबतीत दोषाचा मोठा वाटा या एका निर्णयाचा आहे.

सुधारणा व्हायला दोन वर्षे लागली. १९७७ च्या मॉडेलसाठी, म्हणजे १९७६ च्या उन्हाळ्यात, पुढे अधिक जाड अँटी-रोल बार परत आला आणि मागेही प्रथमच एक बार बसला. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला आधी सुमारे २.९ फेरे लागत, आता ३.५ लागू लागले; हात हलका झाला, तत्परता थोडी गेली. उंची तशीच राहिली, पण कलणे बरेच आवरले गेले. शेवटच्या चार वर्षांतल्या गाड्या १९७५-७६ च्या गाड्यांपेक्षा चालवायला स्पष्टपणे चांगल्या आहेत. दोन्ही बाहेरून सारख्या दिसतात म्हणून त्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होते. ऑक्टोबर १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डन बंद झाले, तोवर सर्व प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक एमजीबी बनल्या होत्या.

त्यानंतरची कहाणी हौशी मालकांची. उंच गाड्या खाली आणण्याची लाट आली. आखूड स्प्रिंगा घालणे हा स्वस्त मार्ग. जुन्या गाडीचा क्रॉसमेंबर आणून बसवणे हा मूळ भूमिती जपणारा, पण स्टिअरिंगच्या जोडणीतही बदल करायला लावणारा मार्ग. क्रोम बंपरांच्या जुन्या गाड्यांची अडचण उलटी होती. दशकांच्या वापराने त्यांच्या स्प्रिंगा बसल्या, पुढचा भाग खाली आला आणि तो उचलण्याची गरज पडली. स्प्रिंगेच्या माथ्यावर पॅकिंग घातले की नाक वर येते, पण थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते. म्हणून दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा जोडीने बदलणे हेच योग्य काम. रोडस्टर आणि बंद छताच्या जीटीच्या स्प्रिंगा वेगळ्या असल्याने नग पारखून घ्यावा लागतो. दाबलेल्या स्प्रिंगेत मोठा जोर साठलेला असतो. खालचे तबक जॅकवर पेलून सावकाश उतरवल्याशिवाय ती सोडवणे धोक्याचे आहे. विशबोनचे रबरी बुश असतील तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळतात. आधी आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि उंचीही फसवी दिसते. कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागच्या झुकावाचा, सुमारे सात अंशांचा कोन क्रॉसमेंबरनेच ठरवलेला असल्याने तो सहसा हलत नाही. पुढच्या चाकांचा आतला कल, म्हणजे टो-इन, मात्र उंची बदलली की बदलतो. थोडे अंतर चालवून स्प्रिंगा बसल्यावर तो पुन्हा मोजून जुळवला जातो.