विश्लेषण : सिम्युलेटर गेममधील विमानांचे रंग कितपत खरे?

लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीची रेघ पूर्वेकडे वाढवत नेली, तर ती दौंडच्या आसपास पोहोचते. पूर्वेकडून पुण्यात उतरणारी विमाने त्यामुळे दौंड आणि शिरूर तालुक्यांतून सहज दिसतात. हीच विमाने आता मोबाइलवर ‘उडवता’ही येतात. मात्र गेममधले विमान आणि आकाशातले विमान यांत नेमका फरक कसा ओळखायचा?

लिव्हरी म्हणजे काय?

विमानावरील कंपनीचे रंग, नाव, बोधचिन्ह आणि नोंदणी क्रमांक यांची ठरलेली मांडणी म्हणजे लिव्हरी. भारतात नोंदणी झालेल्या प्रत्येक विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. पुढची तीन अक्षरे त्या एका विमानाची ओळख असतात. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेपटीवरील नक्षी तर विमानागणिक बदलते. ऑक्टोबर २०२३मध्ये कंपनीने नवे रूप आणले, तेव्हा पहिल्या विमानाच्या शेपटीवर बांधणीची नक्षी होती.

चुका कुठे होतात?

गेममध्ये लिव्हरी म्हणजे विमानाच्या त्रिमितीय सांगाड्यावर गुंडाळलेले चित्र. काही जुन्या सांगाड्यांत जागा वाचवण्यासाठी एकाच बाजूचे चित्र उलटून दुसऱ्या बाजूला वापरले जाई. मग अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी उमटत. एका बाजूला हिंदी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी नाव असलेले विमान अशा सांगाड्यावर रंगवताच येत नाही.

दुसरी चूक इंजिनाची. इंडिगोची सुरुवातीची ए३२० निओ विमाने प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांवर चालत. २०१९मध्ये कंपनीने सीएफएमच्या इंजिनांची मागणी नोंदवली. दोन्हींचे आवरण वेगळे दिसते. रंग अचूक, पण इंजिन दुसरेच असेल, तर त्या क्रमांकाचे विमान चुकलेच.

तारखेला महत्त्व का?

विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. मात्र विमाने एका रात्रीत रंगवली जात नाहीत. विलीनीकरणानंतरही विस्ताराच्या रंगातील विमाने एअर इंडियाची उड्डाणे करत होती. म्हणजे गेममध्ये तसे विमान दिसले, तर ती चूक असेलच असे नाही. कोणत्या दिवसाचे उड्डाण दाखवले आहे, ते पाहावे लागते. किंगफिशरची उड्डाणे २०१२मध्ये आणि जेट एअरवेजची एप्रिल २०१९मध्ये थांबली. त्यांचे रंग आज छायाचित्रांत आणि अशा गेममध्ये पाहायला मिळतात.

मोबाइलवर काय स्थिती?

कंपनीचे नाव आणि चिन्ह ही तिची व्यापारचिन्हे असतात. त्यामुळे काही गेम काल्पनिक कंपन्या वापरतात. मायक्रोसॉफ्टच्या २००६च्या सिम्युलेटरमध्ये ‘ऑर्बिट’ आणि ‘पॅसिफिका’ अशी नावे होती. मोबाइलवरील ‘इन्फिनिट फ्लाइट’मध्ये लिव्हरी निर्मातेच देतात, तर ‘आरएफएस’मध्ये वापरकर्त्यालाही रंग बदलता येतात. अशा वेळी अचूकता बनवणाऱ्याच्या अभ्यासावर अवलंबून राहते.

याचा सामान्य वाचकाशी काय संबंध?

अपघातानंतर सिम्युलेटरमधील चित्रफिती ‘खरा व्हिडिओ’ म्हणून समाजमाध्यमांवर फिरतात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला कोसळलेले एअर इंडियाचे बोइंग ७८७-८ हे ‘व्हीटी-एएनबी’ क्रमांकाचे होते आणि त्यावर कंपनीचे जुनेच रंग होते. ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर झालेल्या नव्या रंगांतील विमान कोसळताना दाखवणारी चित्रफीत त्या अपघाताची असूच शकत नाही. रंग जुळले म्हणून चित्रफीत खरी ठरत नाही. पण न जुळलेला रंग तिचा खोटेपणा उघडा पाडतो. म्हणून असा व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : शेपटीवरील चिन्ह, इंजिन, नोंदणी क्रमांक आणि तारीख.